टाकीत कुठला मासा सोडू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात गच्चीवरच्या ॲक्वापोनिक्सबद्दल थोडंसं लिहिलं होतं. म्हणजे खाली माशांची टाकी, वर खडी भरलेला वाफा, माशांची घाण झाडांना खत म्हणून जाते आणि गाळलेलं पाणी परत टाकीत येतं, मातीचं कामच नाही. त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. पंप कुठला, पाइप किती इंची असं विचारणारे थोडेच, बाकी सगळ्यांचं एकच, ताई मासा कुठला सोडू. बरं झालं हेच विचारलंत, कारण पाइप चुकला तर बदलता येतो, मासा चुकला तर सकाळी उठून टाकीवर पांढरी पोटं तरंगताना बघावी लागतात. मी बघितलीयेत, पहिल्याच वर्षी, चाळीस बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) एका रात्रीत गेली आणि चूक पूर्ण माझी होती. नावं कुणाचीच छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत कारण उत्तर गावावरच अवलंबून आहे.

प्रश्न (कोथरूड, पुणे): ताई, गच्ची आमच्याच वापरात आहे, ५०० लिटरची टाकी आणून ठेवलीय. यूट्यूबवर सगळे तिलापियाच सांगतात, लवकर वाढतो, सहज मरत नाही आणि खायलाही चालतो. तर तिलापियाच घेऊ ना? आणि किती घेऊ?

उत्तर: तुम्ही बघितलेले व्हिडिओ खोटं सांगत नाहीत, तिलापिया खरंच चिवट आहे, पाणी थोडं बिघडलं तरी तग धरतो, काहीही खातो, म्हणून जगभर ॲक्वापोनिक्समध्ये तोच जास्त दिसतो. पण आपल्याकडे तीन गोष्टी आधी बघायला लागतात.

पहिली म्हणजे कायदा. तिलापिया आपला नाही, आफ्रिकेतला आहे. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला आणि मग तो तळ्याधरणांत इतका पसरला की आज उजनीच्या काठावर कुणालाही चिलापी म्हटलं की लगेच कळतं. स्थानिक माशांची जागा त्यानं खाल्ली म्हणूनच पुढे तिलापिया पाळण्यावर नियम आले, गिफ्ट या सुधारित जातीचा किंवा एकलिंगी (सगळे नरच असलेला) तिलापिया वाढवायचा असेल तर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी करून परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे कुणी पिशवीत घालून दिला म्हणून आणू नका, जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय ऑफिसमध्ये आधी जाऊन विचारा.

दुसरी गोष्ट पिल्लांची. नर-मादी एकत्र असले की तिलापिया दोन-तीन महिन्यांतच वयात येतो, मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, पिल्लंही धोका वाटला की परत आईच्या तोंडात शिरतात, बघायला फार सुंदर दिसतं ते. पण ५०० लिटरच्या टाकीत असं चारदा झालं की शंभर बारके मासे होतात, सगळे खाणार, एकही मोठा होणार नाही आणि पाण्यातला अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारं विष, चढत जाणार. म्हणून लोक फक्त नरांचं बी, म्हणजे पिल्लं, घेतात.

तिसरी थंडी. तिलापियाला २५ ते ३० अंश पाणी आवडतं, १६-१७ च्या खाली तो खायचं सोडतो आणि १०-११ ला मरतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा ८-१० वर येतो आणि गच्चीवरची छोटी टाकी जमिनीतल्या तळ्यापेक्षा कितीतरी लवकर गार पडते, चारही बाजूंनी वारा लागतो ना.

म्हणून तुम्हाला माझं सरळ सांगणं, पहिल्या वर्षी सायप्रिनस घ्या. मत्स्यबीज केंद्रात याच नावानं मिळतो, कॉमन कार्प म्हणतात तोच. थंडी सोसतो, उन्हाळाही सोसतो, गोळी खाद्य चटकन शिकतो, फक्त तळ उकरायची खोड आहे म्हणून टाकीच्या तळाशी माती किंवा बारीक वाळू ठेवू नका, नाहीतर पाणी कायम गढूळ राहील. थोडे रोहू सोबत चालतील.

आता किती. घरगुती सिस्टीमला १००० लिटरला १० ते २० किलो मासा हा अंदाज सगळीकडे धरतात, त्यातलाही नवख्यानं खालचाच आकडा धरायचा. म्हणजे तुमच्या ५०० लिटरला ५ किलो, म्हणजे मोठे झाल्यावर २०० ग्रॅमचे २५ मासे. बोटुकली घेताना ती २५ इतकीशी दिसतात की हात आपोआप १०० कडे जातो, तिथेच थांबायचं. ५ किलो मासा रोज साधारण वजनाच्या २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम खाद्य खातो आणि पालेभाजीला १ चौरस मीटरला रोज ४०-५० ग्रॅम खाद्याची घाण पुरते. म्हणजे पालक, चवळई, पुदिना असा २ चौरस मीटरचा वाफा तुम्ही आरामात चालवाल. टोमॅटो-मिरची लावली तर त्यांची भूक जास्त, वाफा लहान धरा.

आणि हे सगळं करायच्या आधी, टाकी अजून भरली नसेल तर थांबा. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन. रहिवासी इमारतीची वावरायची गच्ची साधारण चौरस मीटरला १५० किलो वजन धरून डिझाइन केलेली असते आणि २ फूट खोल पाणी चौरस मीटरला ६०० किलो भरतं. टाकी गच्चीच्या मधोमध कधीच नको, खाली बीम-कॉलम कुठेत ते बिल्डिंगच्या नकाशावरून इंजिनिअरला दाखवून जागा ठरवा, आणि पसरट उथळ टाकी असेल तर अजून बरं. खडीच्या वाफ्याचं वजनही धरा, लोक फक्त पाण्याचं धरतात आणि खडी विसरतात.

प्रश्न (निफाड, नाशिक): आम्ही शेडमध्ये १००० लिटरच्या टाकीत ६० रूपचंद सोडले होते. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत एकदम मस्त वाढले, पाव किलोच्या वर गेले. मग थंडीची लाट आली आणि तीन दिवसात सगळे गेले. पाणी तपासलं तर अमोनिया शून्य. मग मेले कशानं?

उत्तर: वाचून फार वाईट वाटलं, पाच महिने सांभाळलेलं असं जाणं सोपं नसतं. तुमचं पाणी चांगलं होतं, खाद्यही चांगलं होतं, फक्त मासा निफाडचा नव्हता. रूपचंद म्हणजे पाकू, दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन-ओरिनोकोच्या खोऱ्यातला, तिथे वर्षभर पाणी कोमट. १५ अंशांच्या खाली त्याचं काही खरं नसतं, आधी खाणं सोडतो, मग एका कोपऱ्यात गोळा होतात, अंगावर कापसासारखी बुरशी येते आणि मग जातात. तुमच्याकडे थंडीत पारा ५-६ वर आलेला सगळ्या महाराष्ट्रानं बातम्यांत बघितलाय, द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवतात त्या रात्री टाकीतल्या माशाचं काय होत असेल. पंगसचंही तेच, तो मेकाँग नदीचा.

पुढच्या वेळी दोनपैकी एक करा. एकतर रूपचंदच हवा असेल तर तो पिकासारखा घ्या, मार्चमध्ये मोठी बोटुकली सोडायची आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळा मासा काढून खाऊन-विकून मोकळं व्हायचं, थंडीत टाकीत थोडे गोल्डफिश ठेवायचे म्हणजे वाफ्यातले, माशांच्या घाणीचं खत करणारे जिवाणू उपाशी राहत नाहीत. किंवा मग बारमाही सायप्रिनस ठेवा, तो थंडीत सुस्त होतो, खातो कमी, पण जगतो. हीटर लावायचा विचार करत असाल तर १००० लिटरला वीजबिल बघून मासा फार महाग पडेल, त्यापेक्षा टाकीला थर्माकोल गुंडाळा, रात्री झाकण टाका आणि वाफ्यातला पंप रात्री कमी वेळ चालवा, कारण खडीतून फिरून येताना पाणी सगळ्यात जास्त गार होतं. हवेचा पंप मात्र चालूच ठेवायचा.

थंडीत अजून एक चूक सगळे करतात, मासा खात नाही म्हणून काळजीनं जास्त टाकतात. १५ अंशांखाली पाणी गेलं की खाद्य बंद किंवा एकदम चिमूटभर, कारण ते न खाल्लेलं खाद्य कुजतं आणि त्या गारठ्यात जिवाणूही ढिले पडलेले असतात, ते अमोनिया आवरू शकत नाहीत.

प्रश्न (अलिबाग): आमच्याकडे खारेपाटात आजोबांच्या वेळेपासून शेताच्या तळ्यात जिताडा सोडतात. मग घरच्या टाकीत का नाही? पाणी तर गोडंच असतं तळ्याचं.

उत्तर: हा प्रश्न वाचून इतका आनंद झाला, कारण ॲक्वापोनिक्सवाले सगळे परदेशी मासे विचारतात आणि आपल्या दारातला कुणी विचारत नाही. ऑस्ट्रेलियात घरामागे ॲक्वापोनिक्स करणारे लोक मोठ्या हौसेनं बारामुंडी पाळतात, तो बारामुंडी म्हणजे आपला जिताडाच, एकच जात. म्हणजे तुमच्या आजोबांना जे माहीत होतं तेच तिकडे टाक्यांमध्ये चाललंय.

जिताडा खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, पिल्लं भरतीबरोबर खाडीत वर येतात, तिथून लोक पूर्वी पकडून तळ्यात सोडायचे, गोड्या पाण्यात तो मजेत वाढतो पण तिथे अंडी घालत नाही. त्यामुळे पिल्लांच्या गर्दीचा तिलापियासारखा प्रश्न तुम्हाला नाही. अजून एक विशेष सांगते, जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो, म्हणजे खाडीतली मोठी मादी मारली की पुढची पिल्लं गेली. म्हणून खाडीतून पिल्लं पकडून आणण्यापेक्षा हॅचरीचंच बी घ्या. चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेनं, सिबा म्हणतात तिला, १९९७ मध्ये जिताड्याचं प्रजनन करून दाखवलं आणि आता तमिळनाडूतल्या हॅचऱ्यांतून बी मिळतं. हॅचरीच्या बियाचा दुसरा फायदा म्हणजे त्याला गोळी खाद्याची सवय लावलेली असते, खाडीतलं पिल्लू जिवंत कोळंबी-मासळीशिवाय तोंड लावत नाही.

आता अडचणी, कारण अडचणी आहेतच. जिताडा पक्का मांसाहारी आहे, ४०-४५ टक्के प्रोटीनचं खाद्य लागतं, सायप्रिनसच्या खाद्यापेक्षा ते बरंच महाग. आणि तो आपल्याच भावाला गिळतो. लहानपणी तर इतका की एकाच पिशवीतली सारखी दिसणारी पिल्लं पंधरा दिवसात लहान-मोठी होतात आणि मोठं लहान्याला खातं. म्हणून पहिले दोन महिने दर आठवड्याला जाळीनं काढून आकाराप्रमाणे वेगळी करायची, त्याला दोन-तीन टब लागतात. हे करायची तयारी नसेल तर सोडूच नका, शंभराचे पंधरा उरतील आणि दोष माशाला द्याल. बोटभर आकाराच्या पुढे गेला, वीतभर झाला की मग हा त्रास कमी होतो.

तुमचं हवामान त्याला उत्तम आहे, २६ ते ३० अंश पाणी कोकणात जवळजवळ वर्षभर मिळतं. पाणी एकदम खाडीचं नको हं, झाडं मिठानं करपतात, टाकीत गोडं पाणीच ठेवायचं आणि हॅचरीचं बी खाऱ्या पाण्यातलं असेल तर विचारून घ्या, दोन-तीन दिवस हळूहळू गोड्या पाण्यावर आणायचं. १००० लिटरला वीस-पंचवीसच्या वर नको. आणि जाळी बांधा वरून, उडी मारतो.

घरी पाहुणा आला की टाकीतला जिताडा काढायचा आणि त्याच टाकीच्या पाण्यावरची कोथिंबीर वर घालायची, हे तुमच्याकडेच होऊ शकतं, मला खरंच बघायला यायचंय.

प्रश्न (सांगली): आमच्या घरात मासे खात नाहीत आणि मारायचेही नाहीत. मग ॲक्वापोनिक्स आमच्यासाठी नाहीच का?

उत्तर: आहे की. झाडांना माशाची घाण लागते, मासा खाल्ला की नाही याच्याशी पालकाचा काही संबंध नाही. तुम्ही गोल्डफिश किंवा कोई घ्या. गोल्डफिश दिसायला नाजूक वाटतो पण साधा लांबट शेपटीचा, कॉमेट म्हणतात तो, चांगला दणकट असतो, १० अंशांपासून ३० पर्यंत चालवून घेतो आणि आकाराच्या मानानं घाण भरपूर करतो, जे ॲक्वेरियमवाल्यांना नको असतं तेच आपल्याला हवंय. फुगीर पोटाचे, डोळे बाहेर आलेले फॅन्सी प्रकार मात्र नकोत, ते पंपाच्या प्रवाहात टिकत नाहीत.

कोई सुंदर असते पण विचार करून घ्या, ती दीड-दोन फूट होते आणि वीस-पंचवीस वर्षं जगते, म्हणजे घरात एक माणूसच आणताय. ३०० लिटरच्या टाकीत कोई ठेवणं मला तरी बरोबर वाटत नाही. १००० लिटरच्या वर असेल तर चार-पाच.

तुम्ही न मारणारे म्हणून एक जास्तीची काळजी घ्यायचीय, ती अशी की मासे कमी होणार नाहीत, वाढतच जाणार. म्हणून सुरुवातच अगदी कमी करा. आणि जास्त झाले तर कृष्णेत नेऊन सोडू असा विचार कृपा करून करू नका, ते पुण्यकर्म वाटतं पण नदीतल्या आपल्या माशांचा त्यात जीव जातो. ॲक्वेरियमच्या दुकानवाल्याला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

प्रश्न (नागपूर): १००० लिटरच्या टाकीत रोहू-कटला-मृगळ मिळून २०० बोटुकली सोडली. दोन महिन्यांत चाळीस-पन्नास मेली, बाकी पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. उन्हाळा पण तोंडावर आलाय. काय करू?

उत्तर: आधी आजच्या आज हवेचा पंप वाढवा आणि दोन दिवस खाद्य बंद करा, बाकीचं नंतर वाचा.

पहाटे वर येऊन तोंड मारतात याचा अर्थ ऑक्सिजन कमी पडतोय. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि कार्प माशांना ५ च्या वर तरी हवाच. म्हणजे मे महिन्यात तुमच्या हातात मुळात जागाच थोडी उरते, त्यात दीडशे मासे श्वास घेतायत, वाफ्यातले जिवाणूही तोच ऑक्सिजन वापरतायत आणि दुपारी लाइट गेली की अर्ध्या-एक तासात खेळ संपतो. नागपूरला बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा खर्च मासे घ्यायच्या आधीचा आहे. टाकी पूर्ण सावलीत हवी, हिरवी नेट डबल टाका, काळी टाकी असेल तर बाहेरून पांढरा चुना मारा.

आता माशांचं. रोहू-कटला-मृगळ ही जोडी तळ्यासाठी आहे, कटला वरच्या थरात खातो, रोहू मधे, मृगळ तळाला, तळ्यात तिघांचं भांडण होत नाही. आपल्या टाकीत तीन फूट पाण्यात कसले थर आलेत. त्यातही कटला पाण्यातले बारीक तरंगते जीव गाळून खातो आणि ॲक्वापोनिक्सचं पाणी तर आपण स्वच्छ ठेवतो, म्हणजे पाणी जितकं छान तितकी कटल्याची उपासमार. टाकीला तिघांतला रोहूच बरा, गोळी खाद्य घेतो, फक्त घाबरट आहे, रात्री दिवा लागला तरी उडी मारतो, जाळी लागतेच. मृगळ थोडेच ठेवा, खाली पडलेलं खातात. कटला शेततळ्यावाल्या कुणाला देऊन टाका, तिथे तो खूश राहील.

२०० ऐवजी ३० ठेवा. मला माहितीये हे ऐकायला नको वाटतं, पैसे देऊन आणलेत, पण आत्ता १२० देऊन टाकले तर ३० मोठे होतील. नाहीतर मे मध्ये हा आकडा आपोआप खाली येईल आणि तो कसा येईल ते मी वर सांगितलंय.

वीज फारच जात असेल तर मग हवा घेणारे मासे हा वेगळा रस्ता आहे, देशी मागूर, शिंगी, मरळ हे वर येऊन थेट हवेतनं श्वास घेऊ शकतात. शिंगीच्या काट्याला विष असतं, हात घालताना जपून, लहान मुलं घरात असतील तर नकोच. मरळीला भाव छान येतो पण ती जिताड्यासारखीच एकमेकांना खाते.

प्रश्न (इंदापूर): एक जण मागूरची पिल्लं देतोय, म्हणतो सहा महिन्यांत किलोचा होतो, टाकीत काहीही टाका, खातो. घेऊ का?

उत्तर: नको. देशी मागूर वर्षभरात शे-दीडशे ग्रॅम होतो. सहा महिन्यांत किलो म्हणाला म्हणजे तो आफ्रिकन मागूर आहे आणि त्याच्यावर भारतात २००० सालापासून बंदी आहे, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं परत कडक आदेश दिले आणि त्यानंतर आपल्या राज्यात मत्स्य विभागानं तळीच्या तळी नष्ट केली. त्याला कोंबडीची घाण घालून वाढवतात ते वेगळंच. तळ्यातून निसटला तर ओढ्यातले सगळे देशी मासे, बेडूक, काहीही खातो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. देशी मागूर हवा असेल तर सरकारी केंद्राकडूनच, पावती घेऊन.

तसंच दुकानात टाकी साफ करतो म्हणून सकर फिश देतात, काळा, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, आपल्याकडे कोळी त्याला हेलिकॉप्टर मासा म्हणतात. तो काचेवरचं शेवाळ खातो ते खरं, पण तो फूट-दीड फूट होतो आणि मग लोक धरणात नेऊन सोडतात, तिथे कोळ्यांची जाळी फाडतो. आपल्या टाकीला त्याची गरज नाही, टाकी झाकली की शेवाळ येतच नाही.

प्रश्न (लातूर): बोअरचं पाणी आहे, भांड्यावर पांढरा थर बसतो इतकं जड. मासे ठीक आहेत पण पालकाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. मासा बदलू का?

उत्तर: मासा बदलू नका, मासा बिचारा काम करतोय. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी. जड पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असतो आणि तिथे लोह झाडाला मिळत नाही. चिलेटेड लोह कृषी सेवा केंद्रात मिळतं, त्यातलं ईडीडीएचए वालं घ्या, जास्त पीएचला तेच टिकतं.

पण मासे ठीक आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. अमोनियाचं विषारी रूप पीएचबरोबर वाढतं, ७ ला जेवढं असतं त्याच्या जवळपास दहापट ८ ला होतं. म्हणजे पुण्याच्या पाण्यात जो अमोनिया चालून जाईल तो तुमच्याकडे मारेल. त्यामुळे मासे कमी, खाद्य मोजून, आणि पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी साठवून त्यातलं थोडं थोडं मिसळत गेलात तर हळूहळू पीएच खाली येईल, तसंही जिवाणूंच्या कामानं तो उतरतोच. ॲसिड ओतून एका दिवसात उतरवू नका. जड पाण्याला सायप्रिनस, गोल्डफिश, मॉली हे बरे.

प्रश्न (रत्नागिरी, आठवीतली विद्यार्थिनी): मावशी, मला शाळेच्या प्रोजेक्टसाठी ॲक्वापोनिक्स करायचंय. माझ्याकडे ६० लिटरचा टब आहे आणि बाबा म्हणतात गप्पी सोड, डास पण जातील. चालेल का?

उत्तर: चालेल, आणि छान होईल. १० गप्पी घे, त्यात मादी जास्त घे. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, दर महिन्याला वीस-पंचवीस, त्यामुळे दहाचे शंभर व्हायला वेळ लागत नाही. टबात पाण्यावर थोडं गवत किंवा मुळ्या सोड म्हणजे पिल्लांना लपायला जागा राहील, नाहीतर मोठे मासेच खातात. वर एका परातीएवढ्या वाफ्यात पुदिना लाव, पुदिना कधी निराश करत नाही.

एकच गोष्ट घाईची करू नकोस. टब भरला की लगेच मासे सोडायचे नाहीत. नळाचं पाणी असेल तर दोन दिवस उघडं ठेव, क्लोरीन उडून जाऊ दे. मग रोज चिमूटभर माशाचं खाद्य नुसत्या पाण्यात टाकत राहा आणि पंप चालू ठेव. ते खाद्य कुजून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट हे झाडाचं जेवण. हे जिवाणू खडीवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. ॲक्वेरियमच्या दुकानात तपासणीचं किट मिळतं, रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिही, आधी अमोनिया चढेल मग उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल, दोन्ही शून्यावर आले की त्या दिवशी मासे सोड. त्या दोन चढ-उतारांचा आलेख काढलास ना की तुझ्या प्रोजेक्टचं निम्मं काम तिथेच झालं. माझी ती चाळीस बोटुकली मी टाकी भरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोडली होती.

पिशवी आणलीस की ती न उघडता वीस मिनिटं टबात तरंगत ठेव, मग थोडं थोडं टबातलं पाणी पिशवीत घाल, आणि मगच सोड.

आणि जास्त झालेले गप्पी वहाळात किंवा विहिरीत सोडायचे नाहीत हं, बाबांनी सांगितलं तरी. गप्पी पण बाहेरच्या देशातला आहे आणि आपल्या वहाळात डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला छोटासा मासा असतो बघ, तो आपला, तोही डासांच्या अळ्या खातो, त्याची जागा जायला नको. वर्गातल्या मैत्रिणींना बाटलीतून दे, सोबत पुदिन्याची एक काडी दे आणि त्यांनाही सांग आधी टब तयार करा म्हणून.